तीन होस्ट, एकच पॅनल: प्रॉक्समॉक्स क्लस्टर बांधताना आणि चालवताना

तीन सर्व्हर, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, कुठली व्हीएम (आभासी मशीन) कुठे आहे हे एका एक्सेल शीटमध्ये. प्रॉक्समॉक्स व्हीई (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारी प्रणाली) वापरून या सर्व्हरांचं क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट, केलं की ही शीट लागत नाही. कुठल्याही नोडचा, म्हणजे गटातल्या सर्व्हरचा, आयपी ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर उघडा, डावीकडच्या यादीत सगळे नोड आणि सगळ्या व्हीएम दिसतात. वेगळा मुख्य सर्व्हर नसतो, त्यामुळे तो बंद पडण्याची भीतीही नाही. मात्र हे पॅनल कोरमवर, म्हणजे नोडांच्या बहुमतावर, उभं आहे. अडचणी येतात त्यातल्या बऱ्याचशा कोरम न समजल्याने येतात.

जोडण्याआधी

नोडचं नाव आणि आयपी आत्ताच कायमचे ठरवा. क्लस्टरमध्ये गेल्यावर नाव बदलणं म्हणजे नोड काढून नव्याने बसवण्याइतकं काम. आयपी स्थिर हवा, डीएचसीपीवरचा (आपोआप मिळणारा, बदलू शकणारा) नको. तिन्ही नोडवर प्रॉक्समॉक्सची आवृत्ती एकच असू द्या आणि घड्याळं जुळलेली असू द्यात.

कोरोसिंक ही सेवा नोडांची हजेरी घेते. तिला बँडविड्थ फारशी लागत नाही, पण उशीर खपत नाही: नोडांमधली लेटन्सी ५ मिलिसेकंदांच्या आत हवी. म्हणून शक्य असेल तर तिला वेगळं नेटवर्क कार्ड आणि छोटा स्विच द्या, १ गिगाबिट पुरे. ज्या वायरवरून रात्री बॅकअप जातो त्याच वायरवर कोरोसिंक ठेवलं, तर बॅकअप सुरू होताच हजेरी चुकायला लागते. दिवसा सगळं सुरळीत आणि रात्री नोड लाल, असं दिसलं की आधी हेच तपासा. मध्ये फायरवॉल असेल तर यूडीपी ५४०५ ते ५४१२, तसंच २२ आणि ८००६ हे पोर्ट उघडे ठेवा.

जोडणी

पहिल्या नोडवर डेटासेंटर, मग क्लस्टर, मग ‘क्रिएट क्लस्टर’. नाव द्या, ‘लिंक ०’ ला कोरोसिंकचं वेगळं नेटवर्क निवडा, आणि जमल्यास नेहमीचं नेटवर्क ‘लिंक १’ म्हणून राखीव ठेवा. नंतर ‘जॉइन इन्फर्मेशन’ उघडून मजकूर कॉपी करा. दुसऱ्या नोडवर ‘जॉइन क्लस्टर’मध्ये तो पेस्ट करा, पहिल्या नोडचा रूट पासवर्ड घाला, लिंक निवडा, जोडा. तिसरा नोड दुसरा पूर्ण बसल्यावरच घ्या.

जोडल्या जाणाऱ्या नोडवर एकही व्हीएम नसावी. पहिल्या नोडवर १०० क्रमांकाची व्हीएम आहे आणि दुसऱ्यावरही १०० आहे, तर कोणाची खरी हा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रॉक्समॉक्स जोडणीच नाकारतं. असतील तर बॅकअप घ्या, काढून टाका, आणि क्लस्टरमध्ये वेगळ्या क्रमांकाने परत आणा.

जोडताना त्या नोडचं पान मध्येच अडकतं किंवा ४०१ (लॉगिन मान्य नाही) ही चूक दाखवतं. सर्टिफिकेट बदललेलं असतं, इतकंच. पान रिलोड करून पुन्हा लॉगिन करा.

यापुढची गोष्ट जास्त घाबरवते. जोडणीनंतर नव्या नोडवरचं ‘लोकल-एलव्हीएम’ गायब झालेलं दिसतं, किंवा ‘लोकल-झेडएफएस’ समोर प्रश्नचिन्ह येतं (एलव्हीएम आणि झेडएफएस या डिस्क सांभाळण्याच्या दोन पद्धती). डेटा कुठेही गेलेला नसतो. स्टोरेजची यादी आता क्लस्टरभर एकच असते, आणि जोडल्या गेलेल्या नोडची स्वतःची यादी पुसून पहिल्या नोडची तिथे बसते. पहिला नोड झेडएफएसवर आणि दुसरा एलव्हीएमवर बसवला असेल तर हे होणारच. डेटासेंटर, स्टोरेजमध्ये जाऊन ‘लोकल-झेडएफएस’ एडिट करा आणि ‘नोड्स’ मध्ये फक्त पहिला निवडा. मग ‘ॲड’मधून एलव्हीएम-थिन घ्या: आयडी ‘लोकल-एलव्हीएम’, व्हॉल्यूम ग्रुप ‘पीव्हीई’, थिन पूल ‘डेटा’, नोड दुसरा. खरं तर तिन्ही नोड पहिल्यापासून एकाच पद्धतीने बसवले, तर ही कसरत करावीच लागत नाही.

कोरम

तीन नोड, तीन मतं, बहुमत दोनचं. एक नोड गेला तरी काम चालू. दोन गेले तर उरलेल्या एकाला बहुमत नाही, आणि त्याच्याकडची सगळी मांडणी फक्त वाचता येते, बदलता येत नाही. चालू असलेल्या व्हीएम चालूच राहतात (एचए, म्हणजे नोड पडल्यावर व्हीएम आपोआप दुसरीकडे उठवणारी सोय, लावलेल्या सोडून; त्याबद्दल खाली), पण बंद व्हीएम सुरू करायला गेलात तर ‘क्लस्टर नॉट रेडी – नो कोरम?’ असा नकार मिळतो.

यावरूनच दोन नोडांचं क्लस्टर का फसवं आहे ते लक्षात येतं. तिथे बहुमतही दोनचंच, म्हणजे एक बंद पडला की दुसरा हात बांधून बसतो. तिसरा सर्व्हर परवडत नसेल तर क्यूडिव्हाइस वापरा: डेबियनवर चालणारी कुठलीही छोटी मशीन तिसरं मत देऊ शकते. त्या मशीनवर ‘कोरोसिंक-क्यूनेटडी’ आणि दोन्ही नोडवर ‘कोरोसिंक-क्यूडिव्हाइस’ ही पॅकेजं टाका. मग एका नोडच्या शेलमध्ये ‘पीव्हीईसीएम क्यूडिव्हाइस सेटअप’ पुढे त्या मशीनचा आयपी द्या. ही मशीन त्याच दोन नोडांपैकी एकावरची व्हीएम मात्र नको, नाहीतर नोडाबरोबर मतही जाईल.

अडचणीच्या वेळी ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ ही आज्ञा एकट्या नोडला तात्पुरतं बहुमत देते. बाकीचे नोड खरोखर बंद आहेत याची स्वतः जाऊन खात्री केल्याशिवाय ती देऊ नका. नुसती केबल निघाली असेल आणि तिकडेही तीच व्हीएम चालू असेल, तर सामायिक डिस्कवर दोघे एकदम लिहितात आणि फाइल सिस्टिम कामातून जाते.

एका नोडवरून दुसऱ्यावर

व्हीएमवर राइट क्लिक, ‘मायग्रेट’, नोड निवडा. सगळ्या नोडांना दिसणारं सामायिक स्टोरेज असेल, उदाहरणार्थ एनएफएस किंवा सेफ (Ceph), तर फक्त रॅम हलते. लोकल डिस्क असेल तर डिस्कही नेटवर्कवरून जाते; ५०० जीबीची डिस्क १ गिगाबिट वायरवर सव्वा तास सहज खाते.

मायग्रेशन अडण्याची कारणं ठरलेली आहेत. इन्स्टॉलेशननंतर सीडी ड्राइव्हमध्ये राहिलेली लोकल आयएसओ फाइल हे सगळ्यात नेहमीचं. हार्डवेअरमध्ये जाऊन ‘डू नॉट यूज एनी मीडिया’ करा. पासथ्रू केलेलं, म्हणजे थेट व्हीएमला दिलेलं, पीसीआय कार्ड हे दुसरं. तिसरं म्हणजे ‘व्हीएमबीआर०’ सारखा ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) दुसऱ्या नोडवर त्याच नावाने नसणं. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ (नोडचा खरा प्रोसेसर जसाच्या तसा) ठेवला असेल आणि नोडांचे प्रोसेसर वेगळ्या पिढ्यांचे असतील, तर मायग्रेशन यशस्वी दाखवतं आणि व्हीएम पलीकडे जाऊन कोसळते. अशा ठिकाणी ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ ठेवा.

रॅमचं गणित आधी करा. ६४ जीबीचे तीन नोड असतील तर प्रत्येकावर ४० जीबीपेक्षा जास्त वाटू नका. एक नोड बंद पडला की त्याचे ४० उरलेल्या दोघांत २०-२० बसतात, आणि प्रत्येकाकडे होस्टसाठी ४ जीबी उरतात. झेडएफएस असेल तर तोही रॅम खातो, तेव्हा आणखी हात आखडता घ्या.

एचए चालू केलं की मेलेल्या नोडवरच्या व्हीएम साधारण दोन मिनिटांत दुसरीकडे उठतात. पण एचए असलेल्या व्हीएम ज्या नोडवर आहेत त्याचा कोरम सुटला, तर तो नोड सुमारे ६० सेकंदांत स्वतःला रीबूट करतो. यात बिघाड काही नाही, एकच व्हीएम दोन ठिकाणी चालू नये म्हणून केलेली सोय आहे. त्यामुळे कोरोसिंकचा स्विच बदलायचा असेल तर आधी एचए बाजूला ठेवा.

रोजचं काम

सगळ्यांना रूट पासवर्ड वाटू नका. परमिशन्समध्ये पूल बनवा, त्यात त्या विभागाच्या व्हीएम टाका, आणि ‘पीव्हीईव्हीएमयूजर’ ही भूमिका द्या: चालू-बंद करता येतं, कन्सोल मिळतो, डिस्क उडवता येत नाही. वापरकर्ते ‘पीव्हीई’ रेल्ममध्ये, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या खातेयादीत, बनवा. ‘पॅम’मधला (लिनक्सच्या खात्यांचा) वापरकर्ता प्रत्येक नोडच्या लिनक्सवर वेगळा तयार करावा लागतो.

बॅकअप डेटासेंटर पातळीवर लावा आणि निवड ‘ऑल’ ठेवून नको त्या वगळा. उलटं केलं की नवी व्हीएम यादीत घालायचं कोणीतरी विसरतंच. मोड ‘स्नॅपशॉट’, व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतून होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) बसवलेला, आणि जागा क्लस्टरबाहेरच्या मशीनवर. महिन्यातून एक बॅकअप नव्या क्रमांकाने उतरवून पाहा: ‘युनिक’ वर टिक, आणि सुरू करण्याआधी नेटवर्क कार्डावर ‘डिस्कनेक्ट’. नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर नेटवर्कवर भांडतील.

अपडेट एका वेळी एकच नोड. ‘बल्क मायग्रेट’ने तो रिकामा करा, अपडेट करून रीबूट करा, हिरवा झाला की पुढचा घ्या. सबस्क्रिप्शन नसेल तर रिफ्रेश करताना ४०१ येतो. ‘रिपॉझिटरीज’मध्ये एंटरप्राइझ बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’ जोडा. जुन्या आवृत्तीकडून नव्या आवृत्तीकडे व्हीएम जाते, उलट जाईलच याची हमी नाही. म्हणून अपडेट अर्धवट सोडून आठवडाभर थांबू नका.

नोड कायमचा काढायचा असेल तर आधी रिकामा करा, बंद करा, मग दुसऱ्या नोडवरून ‘पीव्हीईसीएम डेलनोड’ आणि त्याचं नाव. काढलेला सर्व्हर जुन्या डिस्कसकट त्याच नेटवर्कवर पुन्हा चालू करू नका. वापरायचाच असेल तर नव्याने इन्स्टॉल करून.