रेकॉर्डर एक, भाडेकरू तीन

गंगापूर रोडवरच्या एका तीन मजली इमारतीचं हे काम. तळमजल्यावर मेडिकल, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर सीएंचं ऑफिस आणि तिसऱ्यावर मालकीणबाई, ज्यांना मी काकू म्हणतो. आठ कॅमेरे, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) आणि प्रत्येकाचं वेगळं ब्रॉडबँड. काकू म्हणाल्या, "ज्याचा कॅमेरा त्याला दिसू दे, जिना सगळ्यांना दिसू दे. पण माझ्या मशीनमुळे कुणी कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला नको."

पहिलं वाक्य सगळेच मालक म्हणतात. दुसरं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि सगळं काम त्या वाक्यासाठी केलं.

अशा ठिकाणी बहुतेक वेळा तिन्ही राऊटरच्या वायरी एकाच स्विचमध्ये खोचून मोकळं होतात. चित्र दिसतं, पण दवाखान्यातले पेशंटचे एक्स-रे आणि सीएंच्या क्लायंटचे हिशेब त्या क्षणी एकाच नेटवर्कवर येतात. दुसरा शॉर्टकट पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून येणारं थेट रेकॉर्डरकडे सोडायचं. त्यात रेकॉर्डरचं लॉगिन पान अख्ख्या जगासमोर उघडं पडतं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीचे मूळ पासवर्ड टाकून ताब्यात घेतले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर डाइन कंपनीच्या डीएनएस सेवेवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. तेव्हा हे दोन्ही नकोच.

वायर ओढण्याआधी कागद करा. कुठला कॅमेरा कोण बघणार, मागचं रेकॉर्डिंग कोण बघणार, कॉपी कोण काढणार, हे चौघांना एकत्र बसवून लिहून घ्या. डॉक्टरबाईंनी तिथेच सांगितलं की वेटिंगचा कॅमेरा त्यांच्याशिवाय कुणाला दिसता कामा नये, काकूंनाही नाही. काकूंनी ते मान्य केलं. रेकॉर्डिंग किती दिवसांचं, तेही तेव्हाच ठरवा. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७३. म्हणजे ४ टीबीची डिस्क जेमतेम २३ दिवस पुरते. महिनाभराचं हवं असेल तर ६ टीबीची घ्या.

आता मुख्य भाग. एनव्हीआर कुणाच्याच नेटवर्कमध्ये ठेवायचा नाही. मध्ये पाच पोर्टचा, फायरवॉल नीट लिहिता येईल असा राऊटर बसवायचा. एका पोर्टवर एनव्हीआर, तीन पोर्टवर तीन भाडेकरू, पाचव्यावर काकू. अशा राऊटरचे पोर्ट बहुतेक वेळा कंपनीतूनच एकत्र ब्रिज केलेले, म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये जोडलेले, येतात. ते आधी सुटे करा, नाहीतर तुम्ही महागडा स्विचच लावला असं होईल.

एनव्हीआरला मी १०.१०.१०.५ हा आयपी पत्ता दिला आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, म्हणून मधला राऊटर, १०.१०.१०.१. भाडेकरूंकडे बघितलं तर तिघांचंही नेटवर्क १९२.१६८.१.० वालं. एकाच राऊटरच्या तीन पायांना तीच रेंज चालत नाही, म्हणून मेडिकलला १९२.१६८.२१, दवाखान्याला २२ आणि सीएंना २३ अशी वाटणी केली. रेंज बदलली की प्रिंटरला हातानं दिलेला आयपीही बदलावा लागतो. हे काम सुट्टीच्या दिवशीच करा. जुलैत रिटर्नची घाई असते, तेव्हा सीएंच्या ऑफिसला हातच लावू नका.

प्रत्येक भाडेकरूच्या नेटवर्कमध्ये मधल्या राऊटरला एक पत्ता द्यायचा, शेवटी २५०, आणि तो त्यांच्या डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीच्या) यादीबाहेर ठेवायचा. मग डीएसटी-नॅटचा, म्हणजे पत्ता बदलून पुढे पाठवायचा, नियम: या पत्त्यावर ४४३ पोर्टवर (हा वायर खोचायचा पोर्ट नाही, सेवेचा नंबर) जे येईल ते एनव्हीआरकडे पाठव. कंपनीचं ॲप वापरणार असाल तर त्याचा पोर्टही लागतो, हिकव्हिजनला ८०००, दाहुआला ३७७७७. ५५४ वरून व्हिडिओ एन्क्रिप्शनशिवाय जातो, तो खरंच गरज असेल तरच उघडा. मेडिकलवाल्यांच्या दृष्टीनं आता रेकॉर्डर म्हणजे त्यांच्याच नेटवर्कमधला १९२.१६८.२१.२५०. पलीकडे कोण आहे, ते त्यांना कळायचं कारणच नाही.

फायरवॉलचे नियम थोडे आहेत, पण क्रम चुकवू नका. आधी, चालू असलेल्या संभाषणाची उत्तरं जाऊ दे. मग, भाडेकरूंकडून आणि काकूंकडून एनव्हीआरच्या ठरलेल्या पोर्टवर येणारं जाऊ दे. बाकी सगळं ड्रॉप, म्हणजे उत्तर न देता टाकून द्यायचं. यातच भाडेकरू ते भाडेकरू बंद होतं आणि एनव्हीआरनं स्वतःहून कुणाकडे जाणंही बंद होतं. हे दुसरं लोक विसरतात. रेकॉर्डरमध्ये कुणी घुसलंच, तरी तिथून पुढे वाट नको. राऊटरच्या स्वतःच्या लॉगिनसाठी इनपुटचे, म्हणजे खुद्द राऊटरकडे येणाऱ्यासाठीचे, नियम वेगळे लिहावे लागतात. तिथे भाडेकरूंच्या पोर्टवरून सगळं ड्रॉप, फक्त काकूंच्या पोर्टवरून प्रवेश. एनव्हीआरला इंटरनेट देऊ नका. घड्याळ लावायला मधल्या राऊटरचा एनटीपी पुरतो, तेवढा एक पोर्ट, यूडीपी १२३, एनव्हीआरकडून इनपुटमध्ये मोकळा ठेवा. नियम लिहिताना मास्करेड (येणाऱ्याच्या आयपीच्या जागी राऊटरचा आयपी टाकणं) घालू नका, म्हणजे एनव्हीआरच्या लॉगमध्ये कोण कुठून आलं ते खऱ्या आयपीसकट दिसतं.

आणि मधल्या राऊटरचा डीएचसीपी सर्व्हर बंद. काही वर्षांपूर्वी सिडकोतल्या एका कामात मी तो चालू ठेवून वर दुकानाची वायर खोचली. दुकानाच्या दोन कॉम्प्युटरनी माझ्या राऊटरकडून आयपी घेतला, बिलिंग बंद पडलं, आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीत दुकानदार हातानं बिलं लिहीत बसले. त्या दिवसापासून आधी डीएचसीपी बंद, मगच वायर.

कॅमेऱ्यांच्या वायरी एनव्हीआरच्याच पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या) पोर्टमध्ये घ्या. असे एनव्हीआर सहसा कॅमेऱ्यांचं नेटवर्क आपल्या मागे वेगळं ठेवतात. जिन्यातला कॅमेरा उपसून कुणी लॅपटॉप लावला तर त्याला इमारतीचं नेटवर्क मिळत नाही. यूपीएनपी (राऊटरवर आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा, आणि पेटीला कुलूप लावा, कारण माउस हातात आला की अर्धं काम झालेलं असतं.

एनव्हीआरवर ॲडमिन फक्त काकू. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र युजर, आणि कॅमेऱ्यानुसार लाइव्ह, प्लेबॅक, एक्सपोर्टच्या टिका कागदाप्रमाणे. ॲडमिनला मात्र सगळंच दिसतं. म्हणून वेटिंगच्या कॅमेऱ्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात ठेवला, सहीसकट, आणि काकू स्वतः रोज साध्या युजरनं बघतात. रेकॉर्डरच्या स्टिकरवरच्या क्यूआरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. घरून बघायचं असेल तर भाडेकरूनं आपल्याच राऊटरवर व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) घ्यावं. त्यासाठी बाहेरून पोहोचता येईल असा पब्लिक आयपी लागतो. आपल्याकडे तो बरेचदा वेगळे पैसे भरून मागावा लागतो.

शेवटी तपासणी, आणि ती उलटीही करायची. सीएंच्या ऑफिसात बसून मी दवाखान्याच्या प्रिंटरचं पान उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. मग एनव्हीआरची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली, त्याला १०.१०.१०.५ दिला आणि तिन्ही नेटवर्कना पिंग केलं, म्हणजे कुणी उत्तर देतंय का ते बघितलं. तिन्हीकडे टाइमआउट. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे चालत नाहीये का?" मी म्हटलं, "काकू, असंच हवंय."

भाडेकरू सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा युजर काढा, डीएसटी-नॅटचा नियम बंद करा आणि वायर पेटीतून उपसा. वायरींना मी तेवढ्यासाठीच मजल्यांची लेबलं लावली आहेत, म्हणजे काकूंना कुणालाही न बोलावता ती उपसता येईल.