व्हर्च्युअल मशीन कोणाच्या नावाने चालतं, हे आधी बघा

अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यात लिनक्सचं काम मिळालं, तर केव्हीएमवरची (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवरची) व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे एका संगणकात चालणारे आभासी संगणक, लवकरच तुमच्या हाती येतील. तिथे आयटीला माणसं मोजकीच. नव्या मुलाला बसवून शिकवायला सवड कोणाला नसते. म्हणून नाशिकमध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा विषय आधीच पक्का करायला सांगतो.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीन्स हाताळायच्या खिडकीत, स्टार्ट तुम्ही दाबता, पण मशीन प्रत्यक्ष चालवतो तो क्यूईएमयू हा प्रोग्राम, आणि मशीनच्या डिस्कची फाइल (इमेज) वापरणारी त्याची प्रोसेस तुमच्या नावाने चालत नाही. उबुंटू-डेबियनवर ती 'लिबव्हर्ट-क्यूईएमयू' या युजरच्या नावाने चालते, फेडोरा आणि रेड हॅटवर 'क्यूईएमयू'च्या. त्यामुळे इमेज तुमच्या डाउनलोड्समध्ये असली की 'परमिशन डिनाइड' येतं. उबुंटू 21.04 पासून नव्या होम फोल्डरची परवानगी 750 असते, परक्या युजरला त्यातून पुढे जाताच येत नाही. फाइलला 777 (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन काही होत नाही, अडसर वरच्या फोल्डरला आहे. 'नेमआय' कमांडला 'एल' पर्याय देऊन पूर्ण पाथ तपासा. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. इतकी उपयोगी कमांड वर्गात क्वचितच कोणी दाखवतं, याचं मला वाईट वाटतं.

मग इमेज लिबव्हर्टच्या (मशीन्सचा कारभार बघणाऱ्या सेवेच्या) ठरलेल्या 'इमेजेस' फोल्डरमध्ये हलवा. ते जमत नसेल तर 'सेटएफएसीएल' कमांडने प्रोसेसच्या त्या एकाच युजरला होम फोल्डरवर फक्त एक्झिक्यूटची, म्हणजे त्यातून पुढे जाण्याची, परवानगी द्या.

नेटवर मात्र वेगळाच सल्ला सर्रास मिळतो: 'क्यूईएमयू डॉट कॉन्फ' ही सेटिंग्जची फाइल उघडा, युजर आणि ग्रुप दोन्ही रूट (सर्वाधिकार असलेला युजर) करा. कृपा करून हे करू नका. 2015 साली क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 'व्हेनम' नावाची त्रुटी सापडली होती. अशा त्रुटीतून मशीनच्या आतला हल्लेखोर बाहेर आला, तर क्यूईएमयूच्या प्रोसेसला जेवढे अधिकार, तेवढे त्याला मिळू शकतात. तिथे रूट लिहिलेलं असेल तर सगळा सर्व्हर गेला. त्या फाइलमध्ये खरंच काही बदलावं लागलं, तर नंतर लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट करा आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. चालू प्रोसेस जुन्याच युजरवर राहते.

ग्रुपचंही तसंच. 'केव्हीएम' ग्रुपने फक्त केव्हीएमच्या डिव्हाइस फाइलपर्यंत पोचता येतं. 'लिबव्हर्ट' ग्रुपमध्ये घातलेला माणूस सिस्टीमची सगळी मशीन्स हाताळू शकतो, होस्टची डिस्कही मशीनला जोडू शकतो, म्हणजे जवळजवळ रूटच. ट्रेनीला त्यात घालताना विचार करा. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला विसरू नका.

मालकी, परवानगी सगळं बरोबर दिसूनही मशीन उठत नसेल, तर उबुंटूवर अ‍ॅपआर्मरचा लॉग आणि फेडोरावर एसईलिनक्सचा लॉग वाचा; नेहमीच्या परवानग्यांवरचा हा सुरक्षेचा आणखी एक पहारा. आणि डिस्क एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, असेल तर रूट स्क्वॉश (बाहेरून आलेल्या रूटचे अधिकार काढून घेणारी सेटिंग) तपासा: मशीन सुरू करताना लिबव्हर्ट फाइलची मालकी स्वतः बदलायला जातं, आणि रूट स्क्वॉश ते होऊ देत नाही.