आईची दोन नावं आणि बँकेला चाललेलं प्रतिज्ञापत्र

आईच्या पासबुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे सांगणारं पहिलं प्रतिज्ञापत्र बँकेने परत केलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने ठरावीक मजकूर छापला होता, 'वरील दोन्ही नावे माझीच आहेत'. कुठली नावं, कुठल्या कागदावरची, पत्ताच नाही!

दुसरा मसुदा मी केला. प्रत्येक नाव त्या त्या कागदावर आहे तसंच, काना-मात्रेसकट. सोबत खाते क्रमांक, लग्नाची तारीख. शेवटी सत्यापन: स्वतःला काय माहीत आहे आणि कागदांवरून काय कळलं, हे वेगवेगळं.

मुद्रांक ५०० रुपयांचा. ऑक्टोबर २०२४ पर्यंत महाराष्ट्रात १०० चा चालायचा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, पण तिथेही लोक उगाच स्टँप पेपर घेताना दिसतात.

सही घरी करू दिली नाही, ती नोटरीसमोरच व्हायला हवी. आईला कमी दिसतं, म्हणून नोटरीबाईंनी मजकूर वाचून दाखवला आणि तशी नोंदही केली. एका खाडाखोडीशेजारी आईची छोटी सही घेतली. पानोपानी शिक्का, रजिस्टरचा अनुक्रमांक, रजिस्टरमध्येही सही.

मूळ प्रत बँकेकडेच राहते, म्हणून छायाप्रती नोटरीकडेच साक्षांकित करून घेतल्या. गॅसजोडणीवरही जुनंच नाव आहे, तिथे त्या लागतील.