नळीतल्या रक्ताच्या आधी : पशुवैद्यकीय संशोधनात पाऊल टाकणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकीय पदवीनंतर संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले की बहुधा पहिला प्रश्न विषयनिवडीचा असतो. शरीरक्रियाशास्त्र घ्यावे, आनुवंशशास्त्र घ्यावे की रोगांच्या अभ्यासाकडे जावे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु विषय कोणताही घेतला तरी तुमचे सारे काम एका जनावरापासून सुरू होणार आहे, आणि त्या जनावराकडून घेतलेला नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी त्याचे काय काय झाले हे तुम्हाला सांगता आले नाही, तर पुढचे कोणतेही तंत्र ती उणीव भरून काढू शकत नाही. हे मी पहिल्याच वर्षी, बरेचसे काम वाया घालवून शिकले.

माझा विषय नुकत्याच व्यालेल्या गाईंमधील ऊर्जेच्या तुटीचा होता. गाय व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, खाण्याची क्षमता मात्र त्या वेगाने वाढत नाही. मग शरीरातील चरबी वितळू लागते, यकृतावर ताण येतो आणि रक्तात किटोन द्रव्ये साचतात. त्यांपैकी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट या द्रव्याचे रक्तातील प्रमाण लिटरमागे १.२ मिलिमोल किंवा त्याहून अधिक आढळले, तर गाय वरवर ठणठणीत दिसत असली तरी तिला सुप्त किटोसिस, म्हणजे किटोन द्रव्ये साचण्याचा छुपा आजार, असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. मी याच द्रव्याबरोबर ग्लुकोजही मोजत होते. पहिल्या फेरीचे आकडे हाती आले तेव्हा नऊ गाईंचे ग्लुकोज इतरांपेक्षा ठळकपणे कमी होते. मी दोन दिवस बसून त्यांच्या आहाराच्या आणि दुधाच्या नोंदी चाळल्या, एक सुसंगत वाटणारे स्पष्टीकरण लिहून काढले आणि ते मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी आकड्यांकडे फारसे पाहिले नाही. "रक्त कोणत्या शिरेतून घेतलेस?" एवढेच त्यांनी विचारले.

बहुतेक गाईंचे रक्त मी शेपटीच्या शिरेतून घेतले होते. काही गाई मात्र शेपूट धरू देईनात, म्हणून कासेपासून पोटाखालून पुढे जाणारी ती जाड, फुगीर, सहज हाती लागणारी दुधाची शीर मी वापरली होती. ही शीर कासेतून परतणारे रक्त वाहून नेते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावे लागते आणि दुधातील शर्करा बनवण्यासाठी कास त्या रक्तातील ग्लुकोज मोठ्या प्रमाणात उचलते. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटही ती काही प्रमाणात वापरते. म्हणजे त्या शिरेतले रक्त ही गाईच्या सर्वांगातील स्थिती नव्हे, तर कासेने आपला वाटा काढून घेतल्यानंतरचे उरलेले रक्त होय. शिवाय त्या शिरेला सुई टोचणे गाईच्या दृष्टीनेही बरे नाही, कारण तेथे रक्त साकळण्याचा आणि संसर्गाचा धोका असतो. माझ्या वहीत शिरेची नोंद केवळ काही गाईंपुढे होती. उरलेल्यांचे आठवणीवर सोडून देणे शक्य नव्हते, म्हणून ती संपूर्ण फेरी रद्द करावी लागली.

त्या प्रसंगानंतर मी शरीरक्रियेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. पाठ्यपुस्तकात जो आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो, त्यामागे वेळ, जागा आणि जनावराची मनःस्थिती अशा अनेक अटी दडलेल्या असतात. चारा खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातील आंबवण्यातून तयार झालेले ब्युटिरिक आम्ल पोटाच्या अस्तरातच किटोन द्रव्यात रूपांतरित होते, त्यामुळे एका गटाचे रक्त चाऱ्याआधी आणि दुसऱ्याचे चाऱ्यानंतर घेतले तर दोन्ही गटांत फरक दिसेल, पण त्या फरकाचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नसेल. अनोळखी माणसाने पकडलेल्या जनावराच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक काही मिनिटांतच चढते. म्हणून ताणाचा अभ्यास करायचा असेल तर नमुने घेण्याआधी आठवडाभर रोज जनावरांत जावे, त्यांना हात लावावा, बांधून सोडावे, सुई त्यानंतर. हा आठवडा प्रबंधात एका ओळीत संपतो आणि अनेक विद्यार्थी तो वाचवू पाहतात. तो वाचवू नये.

आनुवंशशास्त्रात येणाऱ्यांना वाटते की इथे गोठ्याशी संबंध कमी येईल. वास्तविक तो अधिकच येतो. कोंबडीचा जनुकसंच २००४ मध्ये, कुत्र्याचा २००५ मध्ये आणि गाईचा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यानंतर एका जनावराच्या हजारो जनुकखुणा तपासणे हे नेहमीचे काम झाले आहे. दुर्मीळ राहिली आहे ती जनावराची विश्वासार्ह नोंद : ते कधी आजारी पडले, त्याला नेमके काय झाले, त्याचा बाप खरोखर कागदावर लिहिलेलाच वळू आहे का. दुधाच्या उत्पादनातील फरकांपैकी साधारण एकतृतीयांश भाग आनुवंशिक असतो, तर गाभण राहण्याच्या क्षमतेत तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. इतका मंद आवाज ऐकायचा असेल तर नोंदींमधला गोंगाट कमी करावाच लागतो.

होल्स्टीन गाईंच्या इतिहासातील एक उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. काही वासरे वारंवार जंतुसंसर्गाने खंगून मरत, हिरड्या सडत, जखमा भरत नसत, आणि गंमत म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र भरमसाट वाढलेल्या असत. त्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नव्हत्या, कारण पेशींवरील एका प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले होते. हा दोष १९९२ मध्ये जनुकाच्या पातळीवर निश्चित झाला आणि त्याचा माग ओसबॉर्नडेल आयव्हनहो या १९५२ साली जन्मलेल्या, कृत्रिम रेतनासाठी अत्यंत लोकप्रिय ठरलेल्या वळूपर्यंत पोहोचला. वाहक जनावर निरोगी असते. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तरच चारांपैकी एका वासरात रोग उतरण्याची शक्यता असते. एकट्या गोठ्यात असे एखादे वासरू दगावले की त्याला दुर्दैव म्हटले जाते. अनेक गोठ्यांतील वंशावळी शेजारी ठेवल्या तेव्हाच त्या दुर्दैवाला आकार आला.

याच कारणाने आकडेवारीचे एक पथ्य सुरुवातीलाच अंगी बाणवावे. एका वळूच्या दहा मुली म्हणजे दहा स्वतंत्र जनावरे नव्हेत, आणि एकाच कप्प्यात एकच खाद्य खाणारी वीस डुकरे म्हणजे वीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. खाद्याचा प्रयोग असेल तर तिथे मोजण्याचे एकक कप्पा हे आहे. नमुने गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊ नये, त्याआधी जावे. किती जनावरे लागतील हे आधी ठरवणे ही जनावरांबद्दलचीही जबाबदारी आहे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेले पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे हे तीन निकष केवळ परवानगीच्या अर्जात भरण्याचे रकाने नाहीत. उत्तर देऊच शकणार नाही इतक्या थोड्या जनावरांवर केलेला प्रयोग हा त्या जनावरांवरचा निव्वळ अन्याय असतो.

रोगांच्या अभ्यासाबद्दल बोलायचे तर, जनावरे सांभाळणाऱ्या माणसांचे म्हणणे लिहून घ्यायला शिका. टेक्सास ज्वर या गुरांच्या रोगाचा संबंध गोचिडांशी आहे असे पशुपालक पुष्कळ आधीपासून सांगत होते; थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी काही गाईंवरच्या गोचिडी हाताने वेचून काढून, काहींवर तशाच ठेवून ते तपासले आणि १८९३ मध्ये सिद्ध करून दाखवले. रोगजंतू गोचिडीसारख्या जिवामार्फत पसरू शकतो हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी ते एक होते. बुळकांडी या गुरांच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. देवीनंतर संपूर्ण नष्ट झालेला हा दुसराच रोग. त्यात वॉल्टर प्लाउराइट यांच्या पेशीसंवर्धनातील लसीचा वाटा मोठा आहे, परंतु उष्णतेत टिकणारी सुधारित लस आणि ती पाठीवर घेऊन कळपांमागे चालणारे गावपातळीवरचे कार्यकर्ते नसते, तर शेवटचे दुर्गम टापू रोगमुक्त झाले नसते.

सुरक्षिततेबद्दल मी कठोर आहे. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर शव उघडू नये, कारण फाशी रोगाचे जंतू हवेच्या संपर्कात आले की बीजाणू तयार करतात आणि ते जमिनीत अनेक दशके टिकतात. कानाच्या शिरेतल्या रक्ताचा थेंब निदानाला पुरतो. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हाताने उचलू नये. तिच्यात असू शकणारा ब्रुसेला हा जंतू माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवतो. रेबीजची प्रतिबंधक लस काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी. यातली कोणतीही गोष्ट धाडस दाखवण्याची नाही.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेआधी त्यांचा गोठा किंवा कुक्कुटगृह पाहावे आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोलावे. आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी किती काळ लागला, हेही संकोच न करता विचारावे. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा आहे, त्यामुळे विण्याचा एक हंगाम हुकला की जवळजवळ वर्ष जाते. तीन वर्षांची योजना एकाच हंगामावर उभी करू नये. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून वेगवेगळ्या शीतपेट्यांत ठेवावेत. नळीवर साध्या शाईने लिहू नये, मद्यार्काचा एक थेंब पडला तरी ती पुसली जाते.

मी ते काम पुढच्या हंगामात पुन्हा केले. रोज पहाटे चारा पडण्यापूर्वी गोठ्यात जाऊन मी आधी गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ रोवून उभी राहत असे. निरोगी पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा हाताला वर उचलते. ते आकुंचन मोजून झाल्यावर तापमान, मग रक्त, आणि तेही प्रत्येक वेळी शेपटीच्याच शिरेतून. शेपूट न देणाऱ्या गाईंपाशी एक जुना राखणदार उभा राहून त्यांच्या मानेखाली खाजवत असे, आणि त्या स्थिर होत. तेव्हाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या प्रत्येक पानावर गाईच्या क्रमांकाशेजारी शिरेचा स्वतंत्र रकाना आखलेला आहे, आणि त्यातली एकही जागा रिकामी नाही.