लॉकडाउनमध्ये आपलं दुकान अत्यावश्यक ठरतं का, हे कसं ठरवायचं? नाशिकच्या दुकानदारांसाठी

पाटीवर काय लिहिलंय त्यावर काहीच ठरत नाही. त्या दिवशी, तुमच्या हद्दीत लागू असलेल्या आदेशात तुमच्या मालाचं किंवा सेवेचं नाव आहे का, यावर सगळं ठरतं. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं आदेश किती वेळा बदलले ते नाशिककरांनी पाहिलं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर सकाळी शटर उघडायचं की नाही, हे शेजारच्याकडे बघून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवरून ठरवू नका. आदेश स्वतः वाचा. पाच-सात पानांचाच असतो.

आधी एक मोठा घोळ दूर करू. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे. त्याच्या यादीत औषधं, खतं, बियाणं, अन्नपदार्थ आणि खाद्यतेलं, पेट्रोलियम पदार्थ अशा वस्तू येतात, आणि तो साठेबाजी व भाव यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी आहे. लॉकडाउनचा आदेश निघतो तो आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ खाली, आणि त्याची यादी वेगळी असते. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर १९५५ च्या कायद्याखाली आणले गेले, ते ३० जूनपर्यंत. म्हणून मास्क विकणारं प्रत्येक कापड दुकान उघडं ठेवायला परवानगी मिळाली, असा अर्थ होत नव्हता. तो कायदा पुढे करून अधिकाऱ्याशी वाद घातलात तर दंड टळणार नाही.

कोणाचा आदेश चालतो

वरून खाली बघत या: केंद्रीय गृह मंत्रालय, मग राज्याचे मुख्य सचिव, मग जिल्हाधिकारी, आणि शहरात मनपा आयुक्त व पोलीस आयुक्त. खालचा अधिकारी नियम कडक करू शकतो, सैल करू शकत नाही. एप्रिल २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं होतं. त्यामुळे राज्याच्या यादीत तुमचं दुकान असलं तरी काम संपत नाही, जिल्ह्याचा ताजा आदेश बघावाच लागतो. मे २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात निर्बंध आणखी कडक केले गेले, तेव्हा राज्याची यादी हातात धरून बसलेल्यांचा गोंधळ उडाला.

हद्दीकडे नीट लक्ष द्या. देवळाली गाव मनपाच्या नाशिकरोड विभागात येतं, देवळाली कॅम्पचा कारभार मात्र तेव्हा छावणी परिषदेकडे होता. शिंदे-पळसे ग्रामपंचायतीत आहेत. मालेगावची महापालिका वेगळी. मनपाचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड. तुमचं दुकान कोणत्या विभागीय कार्यालयाखाली येतं ते आजच लिहून ठेवा, कारण शंका विचारायची ती तिथेच.

आदेश हातात आला की चार गोष्टी पेनाने अधोरेखित करा: आदेशाची तारीख, लागू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, आणि ‘यापूर्वीचे आदेश अधिक्रमित’ (म्हणजे जुने आदेश रद्द, हाच लागू) असं वाक्य आहे का. ते वाक्य नसेल तर जुना आदेशही चालूच आहे असं धरा. लागू होण्याची वेळ हमखास चुकते. १३ एप्रिल २०२१ चा राज्याचा आदेश १४ तारखेच्या रात्री ८ पासून लागू होता, म्हणजे १४ ला दिवसभर आधीचेच नियम होते.

नक्की कोण येतं

यांच्याबद्दल कधी फारसा वाद नव्हता: किराणा, भाजी-फळं, दूध डेअरी, बेकरी, मटण-चिकन-मासे-अंडी, रेशन दुकान, मेडिकल, दवाखाने आणि लॅब, पशुखाद्य, पेट्रोल पंप, गॅस एजन्सी, बँका आणि एटीएम. २४ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशापासून ही यादी जवळपास तशीच राहिली. पण यादीत असणं म्हणजे दिवसभर उघडं ठेवायची मुभा नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने किराणा, भाजी, डेअरी, मटण, शेती अवजारं या दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ ठेवली होती, घरपोच सेवा रात्री ८ पर्यंत. मेडिकलवर ही मर्यादा नव्हती. तेव्हा आदेशात ‘काय’ वाचलंत की लगेच ‘किती वाजेपर्यंत’ वाचा.

शेतीकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण आपल्या जिल्ह्याचं पोट त्यावर आहे. पहिलं लॉकडाउन लागलं तेव्हा दिंडोरी-निफाडमध्ये द्राक्षाची काढणी चालू होती आणि पाठोपाठ एप्रिलची खरड छाटणी येणार होती. बियाणं, खतं, कीटकनाशकं, अवजारं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती या सगळ्यांना सूट होती. इथे बारकावा असा: पिंपळगावातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान विहिरीवरचे पंप भरून देत असेल तर ते शेती अवजारांच्या दुरुस्तीत बसतं. तेच काम करणारा शहरात मिक्सर आणि पंखे घेऊन बसला असेल तर २०२१ च्या नियमात बसत नव्हता. म्हणून अशा दुकानदाराने बिलावर ‘५ एचपी सबमर्सिबल, गट नंबर अमुक’ असं लिहायची सवय लावावी. शेतीचं काम करतोय हे दाखवायला तेवढा कागद पुरतो. ठिबकच्या नळ्या आणि फवारणी यंत्राचे नोझल विकणाऱ्यांनीही तेच करावं. द्राक्षासाठी खोकी पुरवणारे पॅकेजिंगवाले अत्यावश्यक मालाच्या पुरवठा साखळीत मोडतात, पण त्यांना काउंटरवरची किरकोळ विक्री करता येत नाही.

जिथे गाडी अडते

गॅरेज: वाहतूक चालू असल्याने गॅरेज उघडं ठेवता येईल, पण त्याला लागून असलेलं स्पेअर पार्टचं दुकान बंद, असा खुलासा राज्याने एप्रिल २०२१ मध्ये केला होता. द्वारकेजवळ किंवा मुंबई नाक्याच्या बाजूला एकाच गाळ्यात दोन्ही धंदे असतील तर पार्टचं काउंटर झाकून ठेवा आणि पार्ट फक्त दुरुस्तीच्या बिलातच दाखवा.

हार्डवेअर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल: २० एप्रिल २०२० नंतर केंद्राने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार यांच्या सेवेला मुभा दिली होती. सेवेला मुभा मिळाली म्हणून दुकानाला मिळाली असं मात्र नाही. २०२१ मध्ये ही दुकानं यादीबाहेर होती. याच वर्गात सर्वाधिक चुका होतात. अपवाद पावसाळ्याच्या तयारीचा: ताडपत्री, प्लॅस्टिक कागद, छत्र्या, रेनकोट यांना २०२१ मध्ये सूट मिळाली. तुमच्या हार्डवेअरमध्ये ताडपत्री असेल तर तेवढी दारात काढून विका, आत गिऱ्हाईक घेऊ नका.

हॉटेल आणि खानावळ: बसून खाणं बंद, पार्सल किंवा घरपोच चालू, बहुतेक आदेशांत असंच होतं. मिठाई-फरसाणवाले खाद्यपदार्थात येतात, पण दुकानासमोर प्लेट लावली की ते हॉटेल झालं. पानटपरी कधीच यादीत नव्हती. दारू अत्यावश्यक नाही. तिला जी मुभा मिळाली ती स्वतंत्र आदेशांनी, त्यामुळे त्यावरून दुसऱ्या कुणी आपला हक्क काढू नये.

झेरॉक्स, मोबाइल ॲक्सेसरीज, कटलरी, भांडी, कापड, सराफी ही सगळी बाहेर. महात्मा गांधी रोडवरचा मोबाइलवाला ‘दूरसंचार सेवा’ म्हणून सूट मागतो, पण ती सूट टॉवर आणि नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी असते, कव्हर-चार्जर विकायला नाही.

पिठाची गिरणी, चष्म्याचं दुकान, लाँड्री यांच्यासाठी आदेशात थेट शब्द नसेल तर अंदाज बांधू नका. विभागीय कार्यालयात दोन प्रतींत अर्ज द्या: दुकानाचा पत्ता, नेमका माल किंवा सेवा, आदेशाचा क्रमांक आणि ‘कलम अमुकमध्ये आम्ही येतो का’ हा एकच प्रश्न. एका प्रतीवर पोच घ्या. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ गस्तीवरच्या पोलिसाला दाखवता येत नाही.

मिश्र माल असलेलं दुकान

सिडको, सातपूरमधल्या बऱ्याच किराणा दुकानांत डाळ-तांदळाच्या शेजारी बादल्या, खेळणी, वह्या, चपला असतात. राज्याचा खुलासा असा होता की अनेक प्रकारचा माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी अत्यावश्यक विभाग तेवढा उघडा ठेवावा, बाकीचा बंद. लहान दुकानालाही तोच न्याय लावा. बाकीच्या फळ्यांवर चादर नव्हे, ताडपत्री किंवा जाड कागद खिळवून लावा, कारण चादर गिऱ्हाईक सहज सरकवतं. बिलिंग मशीनमध्ये त्या वस्तूंचे कोड बंद करा. तपासणीला आलेला माणूस आधी फळ्या बघतो, मग दिवसभराची बिलं. बिलात एक प्लॅस्टिकचा टब सापडला तर सगळं दुकान अडचणीत येतं.

अर्धं शटर उघडून विक्री करणं सगळ्यात वाईट. वेळेत असलात तरी बाहेरून ते चोरटं दिसतं, आणि आत हवा खेळत नाही, त्यामुळे साथीच्या दृष्टीनेही ते घातक. शटर पूर्ण वर, दारात आडवं टेबल, आत फक्त नोकर, बाहेर सहा-सहा फुटांवर चुन्याची वर्तुळं. ७ ते ११ अशी वेळ असेल तर यादी आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मागवा, पिशव्या रात्रीच भरा आणि सकाळी फक्त पैसे घेऊन द्या. वजन करत बसलात तर रविवार कारंजावर अकरा कधी वाजले कळणार नाही. वेळ संपल्यावर आलेला माल उतरवून घेता येतो, मे २०२१ च्या राज्याच्या आदेशात तसं होतं, पण त्या वेळी काउंटरवरून अर्धा किलो साखरही द्यायची नाही.

एप्रिल २०२१ च्या नियमांत दुकानात नियम मोडणाऱ्या गिऱ्हाइकाला ५०० रुपये आणि त्याला आत घेणाऱ्या दुकानाला १००० रुपये दंड होता. पुन्हा सापडल्यास दुकान बंद. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. आदेश मोडल्याचा जो गुन्हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम १८८ मध्ये होता तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये आहे, तेव्हा नव्या नोटिशीत हा आकडा दिसला तर गोंधळू नका.

मार्च २०२१ च्या शेवटी गर्दी आवरायला शहरातल्या काही बाजारपेठांत तासाला ५ रुपयांची प्रवेश पावती लावली होती, तासापेक्षा जास्त थांबल्यास ५०० रुपये दंड. असं काही पुन्हा आलं तर पावतीच्या वेळेत गिऱ्हाईक मोकळं करायची जबाबदारी खरं तर दुकानदारानेही उचलावी. आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना आत न येता माल मिळावा याची सोय करणं आपल्याच हातात आहे.

कागद कुठले जवळ हवेत

गल्ल्याजवळ एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवा: गुमास्ता नोंदणी (२०१७ च्या कायद्यात ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचनेची पावती पुरते), खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवाना, मेडिकलला औषध परवाना, कृषी सेवा केंद्राला खत-बियाणं-कीटकनाशकांचे तिन्ही परवाने, आणि चालू आदेशाची छापील प्रत, संबंधित कलमावर खूण करून. गोळे कॉलनीतून माल आणायला जाणाऱ्या पोराकडे दुकानाच्या लेटरहेडवर नाव, वेळ आणि मार्ग लिहिलेलं पत्र आणि ओळखपत्र द्या.

दुकान प्रतिबंधित क्षेत्रात (रुग्ण सापडल्याने सील केलेल्या भागात, म्हणजे कंटेनमेंट झोनमध्ये) आलं तर यातलं काहीच चालत नाही. तिथे किराणाही घरपोचच, आणि तेही प्रशासनाने ठरवलेल्या पद्धतीने. दूध, भाजी, मटण असा नाशवंत माल असेल तर क्षेत्र जाहीर झाल्याबरोबर विभागीय अधिकाऱ्याला माल बाहेर काढण्याची वेळ लेखी मागा.

दुकान सील झालं तर वाद न घालता पंचनाम्याची प्रत आणि दंडाची पावती मागून घ्या. पंचनाम्यात कोणता माल विकताना सापडला ते नेमकं लिहिलंय का बघा. ‘आदेशाचा भंग’ एवढंच असेल तर वस्तूचं नाव आणि वेळ टाकायला सांगा, कारण पुढचा अर्ज त्यावरच उभा राहतो. मग त्याच दिवशी विभागीय कार्यालयात अर्ज द्या: आदेशातलं तुमचं कलम, त्या दिवसाची बिलं, फळ्यांचा फोटो, आणि आत नाशवंत माल किती किलो आहे तो आकडा.