लघवीतली कोटिनीन चाचणी: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

विमा काढताना किंवा व्यसनमुक्तीच्या उपचारांत लघवीची कोटिनीन चाचणी करतात. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की लोक निर्धास्त होतात, ‘पॉझिटिव्ह’ आला की कर्करोगाच्या धास्तीने झोप उडते. दोन्ही वेळा रिपोर्टला नको तो प्रश्न विचारलेला असतो. निकोटिन शरीरात गेलं की यकृत त्याचं कोटिनीन करतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. गेल्या तीन-चार दिवसांत निकोटिन शरीरात गेलं का, एवढंच ही चाचणी सांगते. वीस वर्षं बिड्या ओढलेला माणूस दोन आठवडे थांबला, तर त्याचाही रिपोर्ट बहुधा निगेटिव्ह येईल. म्हणून जुन्या धूम्रपानाचा इतिहास डॉक्टरांपासून लपवू नका.

‘आमच्यात कुणी तंबाखू खात नाही’

आपल्याकडे सर्वात जास्त घोळ इथेच होतो. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची: ही मिश्री कित्येक घरांत दात घासण्यातच मोजली जाते. अर्जावर तंबाखूपुढे ‘नाही’ लिहिलं जातं आणि कोटिनीन भरपूर येतं. मग मुलगा लॅबवाल्याशी भांडतो, आई बिचारी खजील होते. ती खोटं बोललेली नसते. तिला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. ‘दाताला काय लावता? दिवसातून कितीदा?’ असं विचारा, लगेच उलगडा होतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. त्यामुळे फक्त सिगारेटची चौकशी करून भागत नाही. तंबाखूतली एनएनके आणि एनएनएन ही दोन रसायनं माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, आणि ती मिश्री, गुटखा, खैनीतूनही शरीरात जातात.

निकोटिनची गोळी चालू असताना चाचणी

तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनची गोळी, च्युइंगम किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी वापरत असाल तर कोटिनीन पॉझिटिव्हच येणार. नमुना देण्याआधी तसं सांगा. केलेल्या प्रयत्नांवर उगाच संशय नको. इथे एनएनएएल हा घटक उपयोगी पडतो. तो एनएनकेपासून बनतो, म्हणजे तंबाखूतूनच येतो, आणि सोडल्यावरही कित्येक आठवडे लघवीत सापडतो. मात्र ही तपासणी प्रामुख्याने संशोधनात होते, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मिळेल असं नाही.

आकड्यावरून कर्करोगाचं भाकीत

शांघाय आणि सिंगापूरमध्ये हजारो लोकांची लघवी साठवून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. धूम्रपान करणाऱ्यांत, रोजच्या सिगारेटी आणि एकूण वर्षं हिशेबात धरूनही, एनएनएएल सर्वाधिक असलेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वात कमी असलेल्या गटाच्या साधारण दुप्पट निघाला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण सारख्याच सिगारेटी ओढणाऱ्या दोघांच्या शरीरात सारखंच विष जात नाही, हे त्यातून कळतं. पण हा धोका गटाचा आहे. तुमच्या रिपोर्टवरून तुम्हाला कर्करोग होईल की नाही, हे कुणीही सांगू शकत नाही. तोंडात न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड किंवा थुंकीतून रक्त दिसलं, तर लघवीच्या रिपोर्टवर विसंबून राहू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.

दोन रिपोर्टांची आंधळी तुलना

चाचणीच्या एका पट्टीवर पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा मिलीलीटरला 50 नॅनोग्रॅम असते, दुसरीवर 200. शिवाय भरपूर पाणी पिऊन दिलेल्या पातळ नमुन्यात आकडा घसरतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती पातळ आहे हे दाखवणारा घटक, मोजलेलं असावं. घरात वडील सिगारेट ओढतात आणि मुलाची पट्टी निगेटिव्ह आली, तर मुलापर्यंत धूर पोचत नाही असं समजू नका. दुसऱ्याच्या धुरातून येणारं कोटिनीन बहुतेक वेळा या मर्यादांच्या खूप खाली असतं. ते पकडायला प्रयोगशाळेतली जास्त संवेदनशील पद्धत लागते.