वॉटरलूत गणित आणि को-ऑप: या चुका टाळा

कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ साली सुरू झालं तेच को-ऑप घेऊन. हल्ली को-ऑप म्हणजे साधारण चार महिने वर्ग, चार महिने पगारी नोकरी, आलटून पालटून. आपल्याकडून येणारी पोरं याला 'कमवा आणि शिका' समजतात. त्यात कॉलेजातच रोज थोडे तास काम असतं. इथे नोकरी पूर्णवेळ, बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात, आणि तेवढे महिने वर्ग जवळपास बंद.

म्हणूनच सगळ्यात महाग चूक वेळापत्रकाची. पहिल्या वर्षी कळत नाही, कारण कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जिब्रासारखे विषय सतत चालू असतात. पुढे गणिताचे बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवतात, आणि एकाशिवाय दुसरा घेता येत नाही. मला हवा असलेला अॅनालिसिसचा विषय सप्टेंबरात होता. मी तेव्हा ऑफिसात बसून एक्सेल भरत होतो. एक विषय हुकला, त्याच्यामागचे दोन लटकले, पदवी एक टर्म (चार महिन्यांचं सत्र) लांबली. पगाराच्या आनंदात हे मला मार्चमध्ये समजलं! उपाय साधा आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एका मोठ्या कागदावर पदवीपर्यंतच्या सगळ्या टर्म आखा. आधी वर्षातून एकदाच मिळणारे विषय पेन्सिलीने टाका, मग नोकरीच्या टर्मशी ताडून पाहा. जिथे टक्कर होते तिथे गोल करा आणि तो कागद घेऊन अॅडव्हायझरकडे जा. 'मी कोणते विषय घेऊ?' एवढंच विचारलंत तर उत्तरही तेवढंच मोघम मिळेल.

नोकरी शोधायची ती अभ्यासाच्या टर्ममध्येच. जानेवारीच्या नोकरीच्या मुलाखती आणि ऑक्टोबरातल्या मिडटर्म एकमेकांच्या उरावर येतात. रेझ्युमे ऑगस्टमध्येच तयार ठेवा. गणितात दोन आठवडे मागे पडलात की तिसऱ्या आठवड्याची प्रूफं (सिद्धता) परकी वाटू लागतात. आदल्या रात्री पाठांतर करून भागत नाही.

रेझ्युमेवर विषयांची यादी देऊ नका. 'प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स, ऑप्टिमायझेशन' वाचून कुणाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: 'शहरातल्या बसच्या उशिराची नोंद पायथॉनने साफ केली, कोणत्या थांब्यावर उशीर वाढतो ते रिग्रेशनने शोधलं.' मुलाखतीत पुढचा प्रश्न मग त्याच्यावरच येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असतं. अॅक्चुअरी, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणारा, व्हायचं असेल तर सोसायटी ऑफ अॅक्चुअरीजची 'पी' (प्रॉबॅबिलिटी) परीक्षा लवकर द्या; विमा कंपन्या ते आधी बघतात.

मुलाखतींनंतर तुम्ही नोकऱ्यांची आणि कंपन्या उमेदवारांची क्रमवारी लावतात, त्यावरून जुळणी होते. ती लावताना पगारावर भाळू नका, आणि नको असलेली नोकरी 'असू दे' म्हणून वर ठेवू नका. एकदा जुळणी झाली की नाही म्हणता येत नाही.

घराचं: वॉटरलूतली खोली नोकरीच्या चार महिन्यांसाठी सबलेटवर (आपल्या जागी दुसऱ्याला भाड्याने) द्यायची असेल तर महिनाभर आधी हालचाल करा, नाहीतर टोरांटोत आणि इथे दोन्हीकडे भाडं भराल. पगार झालेल्या वर्षाचं टॅक्स रिटर्न पुढच्या ३० एप्रिलपर्यंत भरायचं असतं.

शेवटची चूक कोणाला चूक वाटतच नाही. चार महिने कोड लिहिला की हात प्रूफं विसरतो. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एखादी जुनी असाइनमेंट कोऱ्या कागदावर सोडवून बघा. 'समजा एप्सिलॉन शून्याहून मोठा आहे' या प्रूफच्या नेहमीच्या सुरुवातीच्या पुढे पेन सरकलं नाही, तर जुन्या वह्या वर्ग सुरू व्हायच्या आत बाहेर काढा.